पिंगळा कीं रानपिंगळा?

पक्षी पाहण्याचा छंद ज्यांना लागला आहे त्यांना एक गोष्ट लवकरच कळून येते. पक्षी दिसणें आणि पक्षी ओळखणें या दोन क्रियांमध्यें बरेंच अंतर आहे, आणि बहुतेक घोटाळे त्या अंतरांतच होतात. झाडाच्या शेंड्यावर कांहींतरी बसलेलें असतें, ऊन पाठीमागून येत असतें, क्षणभर तें दिसतें न दिसतें तोंच उडून जातें. पाहणाऱ्याच्या डोळ्यांत प्रत्यक्ष उतरलें काय? एक आकार, शेंपटीची लांबी, कोठें पांढरा ठिपका, कोठें तांबूस छटा. परंतु घरीं येऊन तो जेव्हां हकीकत सांगूं लागतो, तेव्हां तोच पक्षी चोंचीपासून नखांपर्यंत सगळा उभा राहतो. मधली भर कोणीं घातली? ती मनानें घातली. आणि मन जी भर घालतें ती आधींपासून ठाऊक असलेल्या पक्ष्याची असते, किंवा जो दिसावा अशी फार दिवसांची इच्छा होती त्या पक्ष्याची असते.

ही फसगत अरण्यांतच होते असें नाहीं. पुण्यामुंबईच्या बागांत उन्हाळ्याच्या अखेरीस पावशा 'पेर्ते व्हा' म्हणून ओरडूं लागतो. त्याचा आवाज ओळखणारे शेंकडों, पण पाहून ओळखणारे फार थोडे. कारण दिसण्यांत तो शिक्र्याचा जुळा भाऊ शोभतो. पाठ राखाडी, छातीवर आडव्या रेघा, शेंपटीवर पट्टे. उडण्याची धाटणीही तीच, म्हणजे भराभर पंख मारावयाचे आणि मग तसेंच तरंगत जाऊन झाडांत शिरावयाचें. या सोंगानें माणसेंच काय, चिमण्यापांखरेंही फसतात आणि शिकारी आला म्हणून कलकलाट करतात. पावशा सातभाईंच्या घरट्यांत आपलें अंडें टाकून जातो, तेव्हां हें सोंग त्याच्या पथ्यावरच पडतें. ज्याला सोंग ओळखावयाचें असेल त्यानें रंग सोडून चोंचीकडे पाहावें. शिक्र्याची चोंच आंकड्यासारखी वळलेली, मांस फाडणाऱ्याची. पावशाची त्या मानानें सरळ आणि साधी. परंतु चोंच हीच गोष्ट झाडींत नेमकी दिसत नाहीं.

नांवांचा गोंधळ याहून जुना आहे. पुष्कळ घरांतून पावशालाच चातक म्हणतात. खरा चातक वेगळा. तो डोक्यावर तुरा मिरविणारा, वरून काळा व खालून पांढरा पक्षी पावसाळ्याच्या तोंडावर समुद्र ओलांडून येतो. कोकिळेची गोष्ट तर सर्वांना ठाऊक असूनही कोणी मनावर घेत नाहीं. गातो तो काळा कुळकुळीत, लाल डोळ्यांचा नर. मादी तपकिरी, अंगभर पांढऱ्या ठिपक्यांची, आणि तिच्या वाट्याला तें प्रसिद्ध गाणें आलेलेंच नाहीं. तरी गाणाऱ्या स्त्रीला गानकोकिळा म्हणण्याचा प्रघात चालू आहे व पुढेंही चालेल. व्यवहारांत त्यानें कोणाचें नुकसान होत नाहीं. शिवाय ठिपकेवाली कोकिळा बागेंत दिसली म्हणजे 'हा कोणता नवा पक्षी?' असें विचारणारा निदान डोळे उघडे ठेवून हिंडत असतो.

'हा कोणता?' हा प्रश्न केवढा मोलाचा आहे, याचें एक उदाहरण मुंबईंतच घडलें. १९०८ सालच्या सुमारास सलीम अली नांवाच्या एका शाळकरी मुलानें हवेच्या बंदुकीनें एक चिमणी मारली. चिमण्या त्यानें पुष्कळ पाहिल्या होत्या. पण हिच्या गळ्याशीं पिवळा डाग होता. घरच्या वडीलधाऱ्यांना ती ओळखतां येईना. तेव्हां मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांच्याकडून चिठ्ठी घेऊन मुलगा बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटींत गेला. तेथले मानद चिटणीस मिलर्ड साहेब यांनीं ती पीतकंठी चिमणी असल्याचें सांगितलें, आणि कपाटांतले खण उघडून तसलेच भरलेले पक्षी त्याच्यापुढें मांडले. पुढें त्या मुलानें हिंदुस्थानच्या पक्षिशास्त्रांत केवढें काम केलें हें सांगण्याची आवश्यकता नाहीं. तो पिवळा डाग पाहूनही 'चिमणीच आहे, गळ्याला कांहीं लागलें असेल' असें म्हणून मोकळा होणारा मुलगा शंभरांत नव्व्याण्णव वेळां भेटला असता.

पक्षी ओळखण्यांतील चुका अशा दोन तऱ्हेच्या असतात. एक, साधा पक्षी पाहून तो दुर्मिळ मानण्याची. दुसरी, दुर्मिळ पक्षी समोर असतां त्याला साधा समजून पुढें जाण्याची. पहिल्या चुकीला हसणारे पुष्कळ भेटतात, म्हणून ती केव्हां ना केव्हां सुधारली जाते. दुसरी कोणाच्या लक्षांतच येत नाहीं. या दोन्ही चुकांनीं, आणि तिसऱ्या एका गोष्टीनें, महाराष्ट्राच्या एका पक्ष्याची शंभर वर्षांवर ओळख कशी हरवली, ती हकीकत ऐकण्यासारखी आहे. तो पक्षी म्हणजे रानपिंगळा.

आधीं साध्या पिंगळ्याचा परिचय हवा, कारण सगळें प्रकरण त्याच्याभोंवतीं फिरतें. वीतभर उंचीचें हें घुबड गांवांत, शहरांत, जुन्या वाड्याच्या भिंतींतल्या भोंकांत, आंब्याच्या किंवा वडाच्या ढोलींत राहतें. रंग मातकट, डोक्यापासून पाठीपर्यंत पांढरे ठिपके शिंपडल्यासारखे, डोळे पिवळे. दिवेलागणीच्या वेळीं दोघे तिघे एकत्र जमून जो कर्कश किलबिलाट करतात, तो ऐकून घरांतल्या म्हाताऱ्या माणसांना शकुन-अपशकुन आठवूं लागतात. पहांटेस कंदील व कुडमुडें घेऊन दारोदार भविष्य सांगत जाणाऱ्या भिक्षेकऱ्यालाही मराठी मुलखानें पिंगळा हेंच नांव दिलें आहे, इतका हा पक्षी ओळखीचा. आणि ओळखीचा आहे म्हणूनच त्याच्याकडे नीट कोणी पाहत नाहीं.

१८७२ सालच्या डिसेंबरांत, आज छत्तीसगडांत असलेल्या फुलझर भागांत, ब्लुइट नांवाच्या गृहस्थाला पिंगळ्यासारखेंच एक घुबड मिळालें. तें ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांच्याकडे पोंचलें. पुढें काँग्रेसच्या स्थापनेशीं ज्यांचें नांव कायमचें जोडलें गेलें तेच हे ह्यूम. त्या काळीं हिंदुस्थानांतल्या पक्ष्यांविषयीं त्यांच्या तोडीचा जाणकार दुसरा नव्हता. त्यांनीं घुबड हातांत घेऊन पाहिलें आणि हा पिंगळा नव्हे असें ठरविलें. डोक्यावर ठिपके जवळजवळ नाहींतच, कवटी व चोंच पिंगळ्याहून थोराड, पायांवर दाट पांढरीं पिसें आणि पंजे दणकट. १८७३ सालीं त्यांनीं त्याला नवी जात म्हणून जाहीर केलें. नांव दिलें हेटेरोग्लॉक्स ब्लुइटी; यांतला पहिला शब्द ग्रीक, आणि त्याचा अर्थ 'निराळें घुबड'. त्यानंतर भूगर्भशास्त्रज्ञ व्हॅलेंटाइन बॉल यांना पूर्वेकडेच तसा पक्षी मिळाला, आणि खानदेशांत मुलकी अंमलदार असलेले जेम्स डेव्हिडसन यांना शहादें-तळोद्याच्या बाजूस आणखी कांहीं मिळाले. संग्रहालयांत जमलेले नमुने अवघे सात, आणि त्यांतला शेवटचा १८८४ सालचा. पुढें सर्व शांत झालें.

शांत झालें याचा अर्थ पक्षी नाहींसा झाला असा नव्हे. खानदेशांत लांकूडतोडे होते, गुराखी होते, भिल्ल व पावरा लोकांच्या वस्त्या होत्या. त्या रानांत हें घुबड झाडावर बसलेलें कोणाला दिसलें नसेल हें संभवतच नाहीं. पण ज्यांच्या नोंदी छापून येत, ते पाहणारे शहरांतून जात. त्यांना घुबड दिसलें तर तें पिंगळा म्हणूनच दिसे. शिवाय ओळखावयाचें कशावरून? जिवंत पक्षी पाहून काढलेलें चित्र नव्हतें, आवाजाविषयीं भरंवशाची माहिती नव्हती. पुस्तकांत दोन चार ओळी आणि दूर विलायतेंत खणांतले सात भरलेले पक्षी, एवढेंच साधन. उलट, ज्यांना या पक्ष्याचा ध्यास लागला होता त्यांची दुसऱ्या बाजूनें फसगत झाली. 'रानपिंगळा दिसला' अशा वार्ता मधून मधून येत. बारकाईनें तपासतां ते साधे पिंगळे ठरत. पिंगळ्यांत सगळे सारखे नसतात. एखाद्याचे ठिपके झिजून फिके होतात, एखादें पिल्लू पुरतें रंगलेलें नसतें, आणि माध्यान्हीच्या उन्हांत तर ठिपके असून नसल्यासारखे होतात.

आतां ती तिसरी गोष्ट. १८८४ नंतरचा एकच नमुना सर्व ग्रंथांतून सांगितला जाई. तो कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागेन यानें ऑक्टोबर १९१४ मध्यें तापी नदीच्या कांठीं, गुजराथेंतील मांडवी येथें मिळविला, असें त्याच्या पायाला बांधलेल्या चिठ्ठीवर लिहिलेलें होतें. हा कर्नल लहानसहान माणूस नव्हे. सेनेंत गुप्त वार्ता खात्यांत काम केलेला, पक्ष्यांवर जाडे ग्रंथ लिहिलेला, हजारों भरलेल्या पक्ष्यांचा संग्रह १९५४ सालीं ब्रिटिश म्युझियमला देणगी दिलेला. १९३७ सालीं सलीम अली त्याच्याबरोबर अफगाणिस्तानच्या सफरीवर गेले होते. अशा माणसानें मांडवीस रानपिंगळा मारला म्हणतां शंका कोण घेणार? चिठ्ठीनुसार पक्षी तापीच्या खालच्या अंगाला सांपडावयास हवा, आणि १८८४ नंतर तीस वर्षांनींही तो होता असें ठरलें. शोध करणारांनीं नकाशावर एक खूण वाढविली आणि त्या खुणेपाशींही शोधाशोध केली. सलीम अली आणि अमेरिकन पक्षिशास्त्रज्ञ डिलन रिप्ले यांनींही हा पक्षी शोधला, पण तो त्यांच्या दृष्टीस पडला नाहीं. दोघेही डोळ्यांत तेल घालून पाहणारे. तरी ज्या भागांत पाहावयाचें तोच संशयास्पद असेल तर दृष्टि काय करील?

रिप्ले यांनीं दक्षिण आशियांतील पक्ष्यांवर एक मोठें पुस्तक योजिलें होतें. त्यांची प्रकृति ढासळल्यावर तें काम त्यांच्या सहकारी पामेला रासमुसेन यांच्याकडे आलें. या बाईंनीं ठरविलें कीं पुस्तकांत लिहावयाची प्रत्येक नोंद मूळ नमुन्याशीं ताडून पाहावयाची. काम कंटाळवाणें खरें. एक एक खण उघडावयाचा, एक एक पक्षी हातांत घ्यावयाचा, चिठ्ठी वाचावयाची आणि चिठ्ठींत लिहिलें आहे तें त्या पक्ष्याला शोभतें कीं नाहीं हें पाहावयाचें. माइनर्ट्झहागेनच्या पक्ष्यांविषयीं कुजबूज पूर्वीं होतीच. १९९३ सालीं ॲलन नॉक्स यांनीं त्याच्या कांहीं युरोपीय पक्ष्यांच्या चिठ्ठ्या खोट्या असल्याचें पुराव्यानिशीं छापलें होतें. तोच धागा धरून आतां हिंदुस्थानांतले पक्षी तपासले गेले.

पक्षी भरण्याची रीत येथें थोडी सांगितली पाहिजे, कारण चोर तिनेंच पकडला गेला. मेलेल्या पक्ष्याचें कातडें सोलून काढतात, मांस काढून टाकतात, आंत कापूस वा तत्सम कांहीं भरतात आणि पोटाशीं शिवतात. ज्याचा त्याचा हात वेगळा. एक जण कापूस गच्च दाबतो, दुसरा सैल भरतो. कोणी पंखाच्या सांध्यांत बारीक चीर देतो, कोणी देत नाहीं. जुना शिंपी जसा टांका पाहून 'हें काम अमक्याच्या दुकानचें' म्हणतो, तसें जाणत्यास कातड्यावरून माणूस ओळखतां येतो. मांडवीच्या रानपिंगळ्यावर क्ष-किरण टाकण्यांत आले, त्याची शिवण व आंतलें भरण पाहण्यांत आलें. कातडें एकदां भरलेलें पुन्हां उसवून दुसऱ्यांदां भरलेलें होतें. आणि पहिल्या हाताच्या ज्या खुणा शिल्लक राहिल्या होत्या त्या खानदेशच्या डेव्हिडसनच्या हाताशीं जुळत होत्या. म्हणजे हा पक्षी १९१४ सालचा नव्हेच. तो १८८० नंतरच्या दशकांत डेव्हिडसननें खानदेशांत मारलेला, ब्रिटिश म्युझियममध्यें ठेवलेला, आणि तेथूनच चोरून नव्या चिठ्ठीसह पुन्हां त्याच म्युझियमला दान केलेला. देणगीबद्दल आभार मानले गेले असतील ते निराळेच.

या एका पक्ष्यापुरती ही गोष्ट थांबली नाहीं. त्याच्या संग्रहांतील शेंकडों नमुन्यांची तीच गत निघाली. माणूस श्रीमंत होता, ज्ञानी होता. त्यानें हें कां केलें याचे तर्क पुष्कळ झाले आहेत. पाहिलें नसून पाहिलें म्हणण्याचा मोह, एवढें कारण पुरेसें वाटतें. तो मोह पक्षी पाहणाऱ्या प्रत्येकाला थोडा थोडा होतोच. फक्त इतरांच्या हातीं म्युझियमच्या खणाची किल्ली नसते.

मांडवीची खूण पुसली गेल्यावर नकाशावर खऱ्या खुणा मोजक्याच उरल्या. पूर्वेकडे फुलझर-खरियार, पश्चिमेकडे खानदेश. रासमुसेन यांनीं संग्रहांतील रानपिंगळे व पिंगळे शेजारीं शेजारीं ठेवून मापें घेतलीं आणि जिवंत पक्षी झाडावर बसलेला असतां कोणत्या खुणा दिसूं शकतील याची यादी केली. डोकें ठिपक्यांवांचून, पंखांवर व शेंपटीवर ठसठशीत रुंद पट्टे, छातीवर आडवा गडद पट्टा आणि त्याखालीं पोट बहुतेक पांढरें, पायांवर पांढऱ्या पिसांचा पायजमा. १९९७ सालच्या नोव्हेंबरांत बेन किंग व डेव्हिड ॲबट या दोघां अमेरिकन सोबत्यांसह त्या हिंदुस्थानांत आल्या. आधीं पूर्वेकडच्या जागा धुंडाळल्या. तेथें पिंगळे भेटले, रानपिंगळा नाहीं. मग मंडळी खानदेशांत उतरली. डेव्हिडसनच्या वेळचें सपाटीवरचें रान आतां उरलेंच नव्हतें. तेथें शेतें झालीं होतीं. उरलें होतें तें सातपुड्याच्या पायथ्याचें व डोंगरउतारावरचें सागाचें विरळ जंगल. २५ नोव्हेंबर १९९७ रोजीं सकाळीं, शहाद्याजवळ, बेन किंग यांना एका पर्णहीन झाडावर एक ठेंगणें घुबड बसलेलें दिसलें. ऊन चांगलें वर आलें होतें. डोक्यावर ठिपके नव्हते.

अशा क्षणीं अननुभवी माणूस ओरडला असता, किंवा जवळ जाऊं लागला असता. या मंडळींनीं जागचे न हलतां यादींतली एक एक खूण ताडून पाहिली आणि चित्रफीत काढून घेतली. हें सावधपण मोलाचें ठरलें. कारण रानपिंगळा शंभरावर वर्षांनीं दिसला असें केवळ तोंडानें सांगितलें असतें तर पूर्वींच्या वार्तांप्रमाणें हीही वार्ता पिंगळ्याच्या खात्यावर जमा झाली असती, आणि तशी ती झाली असती तर त्यांत कोणाचा अन्यायही नव्हता. ११३ वर्षांनीं ओळख पटली ती अशी. ज्या शहाद्याच्या बाजूस डेव्हिडसनला हा पक्षी मिळाला होता, तेथेंच तो होता.

त्यानंतरचें काम मुख्यतः हिंदी अभ्यासकांनीं केलें. फराह इश्तियाक व असद रहमानी यांनीं तोरणमाळ, मेळघाट इत्यादि ठिकाणीं हिंडून या घुबडाचा आयुष्यक्रम पाहिला. तेव्हां असें दिसून आलें कीं, पिंगळा जसा संध्याकाळीं बाहेर पडतो तसा रानपिंगळा नाहीं. तो दिवसाउजेडीं शिकार करतो. उघड्या फांदीवर बसून तो शेंपटी हालवीत राहतो आणि सरडा किंवा उंदीर दिसतांच खालीं झेंप घेतो. घरटें झाडाच्या ढोलींत. आवाजही निराळा; पिंगळ्याच्या कलकलाटापुढें तो पुष्कळच मऊ व आटोपशीर. म्हणजे घुबड असून दिवसां वावरणारें, झाडींत न लपतां शेंड्यावर बसणारें. ज्याला शोधण्यांत एवढीं वर्षें गेलीं तें लपलेलें नव्हतेंच, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

यानंतर एक गंमत झाली. रानपिंगळा आहे हें कळल्याबरोबर तो पुष्कळांना दिसूं लागला. कांहीं ठिकाणीं तो खरोखरच होता. मध्यप्रदेशाच्या लगतच्या रानांतून त्याचा पत्ता लागला. २०१४ सालीं तर तो मुंबईपासून फार दूर नसलेल्या तानसा अभयारण्यांत सांपडला. सह्याद्रीच्या त्या भागांत हें घुबड असेल असें कोणाच्या ध्यानींमनीं नव्हतें. आणि तें तेथें काल परवां उडून आलें असें मानण्यासही कारण नाहीं. तानसाला पक्षी पाहावयास जाणारांची वर्दळ वर्षानुवर्षें चालू होती. त्यांच्यापैकीं कितीजणांच्या वह्यांत तें 'पिंगळा, एक' म्हणून नोंदलें गेलें असेल, तें आतां कळणें शक्य नाहीं. पण त्याबरोबरच, दिवसां उन्हांत बसलेला प्रत्येक पिंगळा रानपिंगळा ठरविण्याची हौसही वाढली. पिंगळाही थंडीच्या दिवसांत सकाळीं ढोलीच्या तोंडाशीं ऊन खात बसतो. तेवढ्यावरून जात बदलत नाहीं.

असे घोटाळे घुबडांपुरतेच आहेत असें कोणीं समजूं नये. ह्यूम यांनीं १८६७ सालीं सतलजच्या खोऱ्यांत लव्हाळ्यांत वावरणारा एक मातकट वटवट्या मिळविला होता. चोंच जरा लांब, एवढाच त्याचा विशेष. पुढें त्याच्या जोडीचा दुसरा मिळेना, म्हणून तो स्वतंत्र जातीचा आहे कीं दुसऱ्याच एखाद्या वटवट्याचा विक्षिप्त भाऊ आहे, याविषयीं वाद चालला. २००६ सालीं थायलंडांत पक्षी पकडून पायांत कडीं घालण्याचें काम चालू असतां तसाच एक जाळ्यांत आला आणि तो त्याच जातीचा असल्याचें त्याच्या पिसांच्या परीक्षेवरून सिद्ध झालें. त्यानंतर लोकांनीं विलायतेंतल्या म्युझियमचे खण पुन्हां उघडले, तों १८६९ सालीं हिंदुस्थानांतच मिळालेला त्याचा भाऊबंद दुसऱ्या एका साध्या वटवट्याच्या नांवाखालीं निजलेला आढळला. जंगलांत न ओळखला गेलेला पक्षी उडून तरी जातो. येथें तो सव्वाशें वर्षांवर पंडितांच्या हाताशीं होता.

यावर कोणी म्हणेल, पिंगळा काय आणि रानपिंगळा काय, नांव चुकलें म्हणून घुबडाचें काय बिघडलें? बिघडतें तें असें. कोणत्या रानाचें रक्षण करावयाचें, कोठें धरण बांधावयाचें, कोठें नवीं शेतें पाडूं द्यावयाचीं, हे निर्णय आजकाल तेथें कोणते प्राणी राहतात याच्या नोंदी पाहूनही घेतले जातात. ज्या सागाच्या जंगलांत 'पिंगळा' लिहिलेला आहे त्याला कोणी विशेष मान देत नाहीं. पिंगळा काय, गल्लोगल्लीं आहे. तेथेंच रानपिंगळा आहे असें सिद्ध झालें तर कुऱ्हाड उचलण्यापूर्वीं कोणीतरी विचारणा करतो. उलट, जेथें तो नाहीं तेथें तो आहे असें दहा जणांनीं लिहिलें, तर हा पक्षी आतां पुष्कळ झाला अशी खोटी समजूत पसरते आणि त्याच्याकडे द्यावयाचें लक्ष कमी होतें. २०१८ सालीं आंतरराष्ट्रीय संस्थेनें रानपिंगळ्याला धोक्याच्या सर्वांत वरच्या पायरीवरून एक पायरी खालीं आणलें, तें नव्या नव्या ठिकाणीं तो मिळाल्यामुळें. म्हणजे त्या नोंदींवर एका जातीचें भवितव्य तोललें जात आहे. त्यांतली प्रत्येक नोंद कोणीतरी डोळ्यांनीं पाहून केलेली असते, आणि डोळे कसे फसतात तें वर सांगितलेंच आहे.

पूर्वीं वहींत लिहीत, आतां हातांतल्या दूरध्वनीच्या यंत्रावर जागच्या जागीं नोंद होते आणि ती क्षणांत साऱ्या जगाला दिसते. सोय मोठी आहे. तिच्यांत एक खोट अशी कीं, यंत्र पक्ष्याचें नांव विचारतें. शंका विचारत नाहीं. नांवाचा रकाना रिकामा ठेवणें पाहणाऱ्याच्या जिवावर येतें. दहा जणांच्या मेळाव्यांत तर पहिल्यानें जें नांव उच्चारलें तेंच इतर नऊ जणांना दिसूं लागतें, आणि तो पहिला जर वयानें किंवा मानानें मोठा असेल तर विचारावयासच नको. म्हणून चांगले पक्षिनिरीक्षक आपल्या बरोबरच्या मुलांना आधीं बोलावयास लावतात. पोरें नांव जाणत नसल्यामुळें जें दिसलें तेवढेंच सांगतात. पुस्तकही पक्षी डोळ्यांसमोर असतां उघडूं नये. चित्र पाहिलें कीं चित्रांतला डाग पक्ष्यावर दिसूं लागतो. आधीं आकार, मग खुणा, मग बसण्याची जागा व वागणूक, वेळ आणि उजेड कोठून येत होता तें कागदावर उतरून घ्यावें आणि मग घरीं जाऊन पुस्तक पाहावें, ही जुनी पद्धत अद्यापि मोडींत निघालेली नाहीं.

माघाच्या सुमारास सातपुड्यांत सागाचीं पानें गळूं लागतात आणि रान आरपार दिसूं लागतें. तोरणमाळच्या वाटेवर सकाळीं आठ नऊच्या उन्हांत एखाद्या बोडक्या फांदीच्या टोंकाला वीतभर घुबड बसलेलें आढळलें, तर दुर्बीण आधीं त्याच्या डोक्यावर लावावी, मग छातीवर, मग पायांवर. डोक्यावर ठिपके भरपूर असले तर प्रश्नच मिटला; तो गांवांतलाच ओळखीचा पिंगळा. आणि तेवढें पाहण्यापूर्वींच तें उडून गेलें, तर वहींत इतकेंच लिहावें : लहान घुबड, एक, सागाची पर्णहीन फांदी, सकाळचे नऊ, पाठमोरें, डोकें दिसलें नाहीं.